पान दोनशे चौदा

प्राचीनं ई-रीडर काउंटरवर ठेवला. मी बटण दाबलं, शेवटी वाचलेलं पान उघडलं, आणि मशीन डोळ्यांजवळ धरलं.

खाली कोपऱ्यात आकडा होता दोनशे चौदा. त्या पानावर दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं : "त्या उन्हाळ्यात दादानं विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधला फ्यूज काढून घेतला..."

हा परिच्छेद या पानावर असायलाच नको होता. माझ्याकडच्या दोनशे चौदावर वेगळाच परिच्छेद होता, आणि तो मी महिन्यापूर्वी पुस्तकातून काढून टाकला होता. गुरुजींनी फोनवर सांगितलं म्हणून.

"काय झालं काकू?" प्राची म्हणाली.

"थांब जरा." मी अक्षराच्या साइजची सेटिंग उघडली. सहा. नऊ पाहिजे होता. मशीनच्या पाठीवर मी स्वतः चिकटवलेली चिठ्ठी तशीच होती : 'साइज ९, हलवू नये.'

आता पहिल्यापासून सांगते.

अमरावतीत माझं डीटीपीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. लोक हातानं लिहून आणतात, आम्ही टाइप करतो, पानं लावतो, चुका दुरुस्त करतो आणि फाइल प्रेसला देतो. चूक दुरुस्त करण्याला आम्ही करेक्शन म्हणतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. ऑपरेटर वाचत नाही. तो बघतो. काना बघतो, मात्रा बघतो, ओळ पानाबाहेर गेली का ते बघतो. मजकूर लग्नपत्रिकेचा आहे की श्रद्धांजलीचा, हे बोटांना कळतं, डोक्यात शिरत नाही. दिवसाला पन्नास पानं करायची तर दुसरा इलाज नसतो.

वासुदेव गुरुजी हिवरखेडचे. रिटायर्ड हेडमास्तर, वय चौऱ्याहत्तर. घराणं फुलांच्या मळ्याचं. चार दोनशेपानी वह्यांत त्यांनी आपलं आयुष्य लिहून आणलं होतं. तीनशे प्रती काढायच्या आणि गावातच प्रकाशन करायचं, एवढीच इच्छा.

टाइपिंग झालं, प्रूफ काढून दिलं. प्रूफ म्हणजे चुका तपासायला लेखकाला दिलेली कागदाची प्रत. आठ दिवसांनी गुरुजी ते जसंच्या तसं परत घेऊन आले.

"बाई, दिसत नाही हो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंगानं एक पान वाचायला अर्धा तास लागतो."

"घरातलं कोणी वाचून दाखवेल ना, सर."

"माझं आयुष्य मीच तपासीन," गुरुजी म्हणाले. मास्तरकी पूर्ण जात नाही माणसाची.

इलाज त्यांच्या नातीनं काढला. ही प्राची. अमरावतीत रूम करून राहते, स्पर्धा परीक्षेचे क्लास करते. तिच्या काकानं तिला एक ई-रीडर दिला होता. म्हणजे पुस्तक वाचायचं मशीन. मोबाइलसारखा लखलखाट नाही, पडदा कागदासारखा दिसतो, आणि मुख्य म्हणजे अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. "आबाले हे देऊ आपण," ती म्हणाली. गुरुजी त्या मशीनला पहिल्या दिवसापासून पाटी म्हणायला लागले.

मी पुस्तकाची ई-फाइल करून त्यात टाकली. पण मशीनचा स्वतःचा मराठी फॉन्ट इतका बारीक रेघेचा, की गुरुजींना अक्षरं पुसट दिसायची. मग मी आपला फॉन्ट घातला. लोकांना वाटतं हे फार मोठं काम आहे. काही नाही. केबल लावायची, मशीनमध्ये फॉन्टचं फोल्डर असतं, त्यात आपली फाइल टाकायची, मग सेटिंगमध्ये जाऊन तो निवडायचा. चांगला ठळक, गोल वळणाचा फॉन्ट घातला. साइज वाढवत नेला. नवावर आल्यावर गुरुजी ओरडले, "बस! दिसते! रफार पण दिसते!"

आता यातली मेख. छापील पुस्तकात पान पक्कं असतं. ई-रीडरवर नसतं. कणीक तेवढीच असली तरी पोळ्या लहान लाटल्या तर जास्त होतात, तसं. अक्षर मोठं केलं की एका पडद्यावर मजकूर कमी मावतो, म्हणून पानं वाढतात. नऊ साइजला गुरुजींच्या पुस्तकाची सहाशे बारा पानं होत होती.

मला हे माहीत होतं. मी काही बह्यताड, म्हणजे खुळी, नाही. मी ई-बुकांचीही कामं करते, म्हणून दुकानात अगदी तसाच ई-रीडर होता. त्यातही तोच फॉन्ट घातला, तोच नऊ साइज, तेवढाच समास. दोन्ही मशीनवर पानाला पान, ओळीला ओळ जुळली. गुरुजींनी फोनवर पान सांगायचं, मी माझ्या मशीनवर ते काढायचं आणि तिथून फाइलमधली जागा शोधायची. फक्त साइज हलवायचा नाही. म्हणून ती चिठ्ठी.

दीड महिना ही पद्धत छान चालली. रोज सकाळी दहाला फोन. "पान एकतीस, चौथी ओळ, 'विहिर' दीर्घ करा." "पान शंभर, खालून दुसरी ओळ, नाव सुरेश नाही, रमेश." मला स्वतःचं कौतुक वाटायचं. नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की बघा, असं डोकं अमरावतीत कोणाला चाललं नसतं.

मग गुरुजींचं ऑपरेशन झालं, अकोल्याला. एक डोळा आधी, पंधरा दिवसांनी दुसरा. तेवढे दिवस ते अकोल्यातच लेकीकडं राहिले. दुसऱ्या डोळ्यानंतर आठेक दिवसांनी फोन आला. आवाज नेहमीपेक्षा दबका होता.

"बाई, एक मोठं करेक्शन आहे. पान दोनशे चौदा. वरून दुसरा परिच्छेद. तो सगळा काढून टाका."

"सगळा?"

"सगळा. एक शब्द ठेवू नका."

"सर, सुरुवातीचे दोन शब्द वाचून दाखवता का? खात्री करून घेते."

"आता नाही. माणसं बसलेली आहेत. घरच्याबद्दलचा आहे तो. तुमच्या लक्षात येईल."

मी माझ्या मशीनवर दोनशे चौदा काढलं. दुसरा परिच्छेद खरंच घरच्याबद्दलचा होता. सातवीच्या परीक्षेच्या वेळी गुरुजींचा पाय मोडला होता. मोठा भाऊ शामराव, ज्याला ते दादा म्हणायचे, त्यानं तीन दिवस त्यांना पाठीवर बसवून परीक्षेच्या केंद्रावर नेलं, पेपर सुटेपर्यंत निंबाखाली बसून राहिला, आणि परत पाठीवर आणलं. शामरावनं स्वतःची शाळा चौथीतच सोडली होती, मळ्यासाठी.

एक क्षण बोटं थांबली. इतका चांगला मजकूर कोणी कशाला काढेल?

पण मला वाटलं, मला कारण माहीत आहे. पुस्तक मीच टाइप केलेलं. पुढं एका प्रकरणात विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांचं बिनसलं होतं आणि एकोणीस वर्षांपासून बोलणं बंद होतं, एवढं मला आठवत होतं. म्हटलं, म्हाताऱ्याच्या मनात अजून राग आहे. भावाची स्तुती छापायची नाही त्याला. लेखक म्हणाला काढा, की काढायचं. परिच्छेद सिलेक्ट केला, डिलीट दाबलं. पुढची पानं नीट लावली. दोन मिनिटांचं काम.

प्रकाशनाची तारीख ठरलेली होती. गुरुजी म्हणाले, आता मी बघत नाही, छापा. फाइल अकोल्याच्या प्रेसला गेली.

आणि आज, प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, प्राची दुकानात उभी होती. आबांचं काम झालं, त्यांनी पाटी परत दिली, तर काकू यात माझ्या नोट्स टाकून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"प्राची, साइज कोणी हलवला?"

"आबानंच." ती हसायला लागली. "ऑपरेशन झाल्यावर आबाले इतका आनंद झाला ना काकू! मी रविवारी आत्याकडं गेली होती, तर मले दाखवून राहिले. पाह्य, आता आठावर दिसते. पाह्य, आता सातावर दिसते. लहान पोरासारखे एकेक नंबर उतरून राहिले होते."

बाप्पा! मी स्टुलावर बसले. अक्षर मोठं करतील, ही भीती मला होती. लहान करतील हे स्वप्नातही आलं नव्हतं. डोळे सुधारले आणि पुस्तक बिघडलं! सहा साइजला पानं उरली तीनशे. त्यांचं दोनशे चौदा पार पुढं गेलं, विहिरीच्या भांडणात. माझं दोनशे चौदा होतं तिथंच, सातवीच्या परीक्षेत.

"आणि तुझे मोठे आजोबा? शामराव? त्यांच्याशी अजून बोलणं नाही ना?" मी विचारलं. अजूनही एक आशा होती.

"अवं काकू, तेच तर! आता बोलतात ते. मोठे आबा रोज सकाळी फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात येतात ना, तर मार्केट झालं की आत्याकडं यायचे. तासन्‌तास बसायचे दोघं भाऊ. उद्या पहिली प्रत आबा त्याईच्याच हातात देणार हायेत."

म्हणजे फोनच्या वेळी जी माणसं बसलेली होती, ती हीच. भाऊ समोर बसलेला. त्याच्यासमोर परिच्छेद वाचून दाखवणार कसा? म्हणून नुसता पान नंबर.

मी मनात हिशेब लावला. भावानं फ्यूज काढून पाणी तोडलं आणि ऐन लग्नसराईत मोगरा जाळला, हे पुस्तकात राहिलं. भावानं पाठीवर वाहून नेलं, हे गेलं. गावात आजपर्यंत सगळ्यांना मोटार जळाली एवढंच माहीत. उद्या सगळ्या गावासमोर शामरावच्या हातात पहिली प्रत.

प्रेसला फोन लावला.

"भाऊ, हिवरखेडचं बाइंडिंग थांबवा."

"थांबवा काय ताई? कालच गेले सहा खोके. फस्क्लास झालं पुस्तक."

"कोणासोबत गेले?"

"गुरुजीचे भाऊ आले होते ना. बाजारात फुलं खाली केले, रिकामी गाडी इकडं आणली. शामराव नाव त्याईचं. मोठा साधा माणूस. खोके भरेपर्यंत चहा दिला मी त्याईले. एक प्रत हातात दिली. चाळत बसले होते."

मी फोन ठेवला.

प्राचीला सगळं सांगितलं. "आबाले फोन करू?" तिनं विचारलं. नको म्हटलं. फोननंच तर घात केला होता. जाऊन, समोर उभं राहून सांगायचं.

पण हात हलवत कशी जाऊ? बांधलेल्या पुस्तकातून पान फाडलं तर मागचा मजकूरही जातो. मग एकच उपाय, वरून चिकटवायची कागदाची पट्टी. काढून टाकलेला परिच्छेद कागदावर छापायचा आणि भांडणाच्या परिच्छेदावर चिकटवून द्यायचा. वाईट झाकलं जाईल, चांगलं परत येईल. पण मोजलं तर भांडणाच्या ओळी चौदा, पाठीवर नेल्याच्या नऊ. नऊ ओळींनी चौदा कशा झाकणार? अक्षर मोठं करायचं. पुस्तकाचं अक्षर बारा पॉइंटचं होतं. पॉइंट हे आमचं अक्षराच्या उंचीचं माप. मी पंधरा केलं, ठळक केलं, बरोबर मावलं. तीनशे पट्ट्या छापल्या, कापल्या, पिशवीत भरल्या. अकोटपर्यंत एसटी, तिथून हिवरखेडला काळीपिवळी. प्राची सोबत आली.

गुरुजींच्या अंगणात झेंडूचा ढीग पडला होता. घरातल्या पाच-सहा बाया हार ओवत होत्या. खोके ओट्यावर रचलेले, सुतळी अजून कापलेली नव्हती. गुरुजी काळा चष्मा लावून खुर्चीवर बसले होते. मला बघून ताडकन उठले.

"बाई! तुम्ही तर उद्या येणार होत्या!"

बाजेवर एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता, पाठ आमच्याकडं. निशिगंधाच्या काड्या मोजून जुड्या बांधत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "दादा हाय. कालपासून बोलूनच नाही राहिला. जेवला पण नाही धड. मी विचारलं तर म्हणते, काही नाही झालं."

मी सांगितलं. साइज, पान नंबर, डिलीट, सगळं. गुरुजी आधी समजून घेत होते, शिक्षकासारखे मान हलवत. मग एकदम थांबले.

"म्हणजे... ते छापलं?"

"हो सर."

"फ्यूजचं?"

"हो."

ते मटकन खुर्चीत बसले. काळा चष्मा काढला. नवे डोळे, पाण्यानं भरलेले. "अरे देवा. अरे देवा! मी त्याले बोलावलं काय आन् वाढलं काय!" गुरुजींच्या सुनेनं धावत येऊन पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

बाजेवरचा म्हातारा उठला. निशिगंधाच्या टोपल्याखाली हात घालून त्यानं पुस्तक काढलं. पानात खूण म्हणून झेंडूचं देठ घातलं होतं. तो गुरुजींसमोर येऊन उभा राहिला.

"फ्यूज मीच काढला होता," शामराव म्हणाले. "चूक होती माही. खरं लिवलं तू. खऱ्याचा मले राग नाही."

अंगणातल्या बायांचे हात थांबले.

"पण वासुदेवा, अकोल्यात मले जे वाचून दाखोलं, पाठीवर नेल्याचं, ते काहून काढलं?"

गुरुजी खुर्चीतून अर्धवट उठले.

"काल प्रेसात चहा पेता पेता मी तेच शोधलं. मले वाटलं मले वाचता नाही येऊन राहिलं बरोबर. घरी येऊन सुनेले दिलं. म्हटलं, तू पाह्य. तिनं सगळं पुस्तक पालथं घातलं. ते नाही सापडलं, हे सापडलं." त्यांनी देठाची खूण दाखवली. "मंग मी समजलो. मले खूश करासाठी तवा तोंडी वाचून दाखोलं यानं. पुस्तकात घ्याच्या लायक नव्हतं ते."

बसमध्ये मी सतरा गोष्टींची भीती धरली होती. म्हातारा पुस्तकं जाळेल, शिव्या घालेल, कार्यक्रमाला येणार नाही. हे मला सुचलंच नव्हतं. जे छापलं त्याचं त्यांना काही नव्हतं. जे काढलं तेच लागलं होतं.

"दादा, आईची शपथ, मी नाही काढलं," गुरुजी म्हणाले. एवढंच, आणि रडायला लागले.

मी पुढं झाले. "बाबाजी, ते मी काढलं. त्यांची काही चूक नाही."

शामरावांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी कोन?"

"पुस्तक टाइप करणारी."

"मंग तुमी वाचलं असन ते."

"टाइप केलं होतं."

"वाचलं होतं का, म्हनतो मी."

बावीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या अंगणात, त्या बायांसमोर, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचलं असतं तर मी गुरुजींना उलट फोन केला असता. सर, तुम्ही वाहून नेणाऱ्या भावाला काढताय, खरंच काढू? एक फोन. पण मी स्वतःच कथा जुळवली आणि बटण दाबलं.

पिशवीतून पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "हे आहे ते."

त्यांनी कागद हातभर लांब धरला. ओठ हलवत, ओळीवर बोट फिरवत वाचायला लागले. चौथी शिकलेला माणूस. बराच वेळ लागला. एका ठिकाणी बोट थांबलं, परत मागं गेलं, ती ओळ पुन्हा वाचली.

"निंबाखाली बसून रायल्याचं पण हाय यात," ते म्हणाले. "हे मले बिनाचष्म्याचं वाचता येऊन राहिलं. मोठं अक्षर हाय."

मी त्यांना सांगितलं नाही की अक्षर त्यांच्यासाठी मोठं केलं नव्हतं. खालचं झाकायसाठी केलं होतं.

गुरुजी सावरले. "बाई, आताच चिकटवा. त्या फ्यूजच्या डोक्यावर चिकटवा. दिसलं नाही पाहिजे ते."

"नाही," शामराव म्हणाले.

"दादा, उद्या सगळा गाव..."

"गावाले एकोणीस वर्सं वाटून राहिलं, मोटार जळाली म्हनून. मी सांगतलं तसं. समजू दे आता. मी काय आता सोयरीक करतो?" त्यांनी पट्टी माझ्याकडं दिली. "याले याच्या जाग्यावर लावा. झाकासाठी नाही."

त्याच्या जागेवर म्हणजे शाळेच्या प्रकरणात. माझं नशीब एवढंच, की मी नऊ ओळी काढल्यामुळं त्या प्रकरणाचं शेवटचं पान अर्धं कोरं राहिलं होतं. पट्टी तिथं बरोबर बसत होती.

सुनेनं कणकेची खळ शिजवली. सुतळ्या कापल्या. हार ओवणाऱ्या बायांनी हात धुतले आणि बसल्या. मी कितीतरी बाइंडर पाहिले, पण असा हात नाही पाहिला. पाकळी न चुरगाळता सुई घालायची सवय असलेली बोटं ती. एकीनं पान उघडायचं, दुसरीनं खळ लावायची, तिसरीनं पट्टी ठेवून तळहात फिरवायचा. दिवेलागणीच्या आत तीनशे प्रती झाल्या. एकही पट्टी वाकडी नाही. शामराव पान सापडवून द्यायला बसले होते. जेवले पण, तिथंच.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. पहिली प्रत शामरावांच्या हातात दिली. गुरुजींचं भाषण नेहमीच्या मास्तरी थाटाचं, लांबलेलं. मी मागं बसले होते. माझ्या शेजारी अकोटचे एक पाहुणे पान उलटत होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "हे पाहा मॅडम, काय छपाई! सगळ्या पुस्तकात एवढा एकच परिच्छेद मोठ्या अक्षरात, अन् तोही चिकटोलेला. कोन्या बह्यताडानं केलं असन?"

"मी केलं," म्हटलं. ते पुढच्या रांगेत जाऊन बसले.

खरं सांगायचं तर माझ्या हातून निघालेलं सगळ्यात बेढब पान ते. दोन साइज, दोन कागद, कडेला खळीचा डाग. त्याची एक प्रत दुकानात काउंटरवर ठेवली आहे, त्याच पानावर उघडून.

बाजूला भिंतीवर सूचना लावली आहे. करेक्शन पान नंबरानं घेतलं जाणार नाही, वाक्य वाचून दाखवावं. फोनवर कोणी म्हणालं, की आता माणसं बसलेली आहेत, तर मी म्हणते, उठून बाहेर या, मी थांबते.

काम आता हळू होतं. परवा चांदूर बाजारचं एक गिऱ्हाईक वैतागलं होतं. मामाच्या श्रद्धांजलीचा मजकूर होता त्याचा, एक पानाचा. अर्धा तास ताटकळला बिचारा.

"ताई, एका पानाले इतका वेळ? काय करून राहिल्या?"

म्हटलं, "वाचून राहिली."